हार्ड डिस्कचं हेड जपायचं कसं: घरासाठी, दुकानासाठी आणि प्रवासासाठी

चालू असलेली हार्ड डिस्क चार बोटं उंचीवरून ओट्यावर आपटली, तरी कायमची जाऊ शकते. तीच डिस्क बंद असेल तर त्याच्या कितीतरी पट धक्का सोसते आणि दुसऱ्या दिवशी बिनतक्रार सुरू होते. म्हणून डिस्कला हात लावण्याआधी 'ही फिरतेय का थांबलीय?' एवढं स्वतःला विचारायची सवय लावून घ्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच निघतात.

इंदूरच्या मराठी घरांसाठी हे मुद्दाम लिहितोय, कारण इथल्या डिस्कवर जे असतं ते बाजारात पुन्हा मिळत नाही. रामबागेत, लोकमान्य नगरात कितीतरी घरांनी घरगुती मैफलींच्या कॅसेट, मुंजीच्या व्हीएचएस टेप, आजोबांची पत्रं असं सगळं एका तळहाताएवढ्या डबीत उतरवून घेतलं आणि मूळ कॅसेट रद्दीत दिल्या. आता जे काही आहे ते त्या डबीत आहे, आणि ती डबी बहुतेक वेळा टीव्हीच्या मागे केबलला लोंबकळत असते.

आत नेमकं काय चालतं

डिस्कच्या आत काचेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तबकडी असते. घरगुती डिस्कमध्ये ती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. साडेतीन इंची डिस्क ७२०० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तबकडीची बाहेरची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावत असते. तिच्यावर एका बारीक आर्मच्या, म्हणजे दांडीच्या, टोकाला माहिती वाचणारं-लिहिणारं हेड असतं. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकूनच वाजते. इथे हेड टेकलं की घात होतो. फिरत्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या थरावर ते तरंगतं, आणि खाली फट उरते ती अवघ्या काही नॅनोमीटरची. माणसाचा केस साठ-सत्तर हजार नॅनोमीटर जाड असतो. उदबत्तीच्या धुराचा कणसुद्धा त्या फटीत मावत नाही.

माहिती साठवणारा चुंबकीय थर तबकडीच्या पृष्ठभागावर असतो. त्याच्यावर कार्बनचा आणि वंगणाचा अतिशय पातळ लेप असतो. धक्क्याने हेड खाली टेकलं की लेप खरवडला जातो, त्याची पूड आतल्या हवेत उडते, ती पूड पुन्हा हेडखाली येते आणि ओरखडा वाढत जातो. जिथला थर पूड होऊन गेला तिथली माहिती जगातली कुठलीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. हे नीट समजलं की पडलेली डिस्क 'एकदा लावून तर बघू' असं कुणी म्हटल्यावर पोटात गोळा का येतो ते कळेल.

डिस्क थांबते तेव्हा हेड जातं कुठे? पूर्वी ते तबकडीवरच आतल्या बाजूच्या राखीव पट्ट्यात उतरायचं. १९७३ च्या आयबीएम ३३४० या 'विंचेस्टर' डिस्कपासून ही पद्धत रूढ झाली. नव्वदच्या दशकापासून लॅपटॉपच्या डिस्कमध्ये तबकडीच्या बाहेर प्लास्टिकचा छोटा रॅम्प आला आणि आता बहुतेक सगळ्याच डिस्कमध्ये तो असतो. थांबताना हेड त्या रॅम्पवर चढून बसतं, तबकडीचा आणि त्याचा संबंधच तुटतो. बंद डिस्क एवढा मार खाते ती याच जोरावर. अचानक वीज गेली तरी फिरत्या तबकडीच्या उरलेल्या वेगातून मोटरच थोडी वीज तयार करते आणि त्यावर आर्म मागे खेचला जातो. पण हे खेचणं आपत्कालीन असतं, झटक्याचं असतं. रोज करायची गोष्ट नाही ती.

किती धक्का म्हणजे फार?

कंपन्या धक्क्याची मर्यादा 'जी' मध्ये देतात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट. खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कसाठी ती साधारण चालू असताना ४०० जी आणि बंद असताना १००० जी असते. साडेतीन इंची डिस्क मात्र चालू असताना जेमतेम ७० ते ८० जी सोसते, बंद असताना २५० ते ३५०.

हे आकडे ऐकायला मोठे वाटतात, म्हणून घरच्या घरी हिशेब करून बघा. पडलेल्या वस्तूला बसणारा सरासरी धक्का म्हणजे ढोबळमानाने पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. ७५ सेंटिमीटर उंच टेबलावरून डिस्क कोटा स्टोनच्या फरशीवर पडली आणि एका मिलिमीटरमध्ये थांबली, तर ७५० जी. तीच २५ मिलिमीटर दबणाऱ्या फोमवर पडली तर ३० जी. आता साडेतीन इंची डिस्क कडेवर उभी होती आणि कलंडली असं धरा. वरची कड सात-आठ सेंटिमीटर खाली आली, ग्रॅनाइटच्या ओट्यावर अर्ध्या मिलिमीटरमध्ये थांबली: दीडशेच्या आसपास जी. चालू असताना तिची मर्यादा ८०. हे झाले सरासरी आकडे. प्रत्यक्षात क्षणभराचा कमाल धक्का याहूनही मोठा असतो.

म्हणजे उंची कमी करणं आणि पृष्ठभाग मऊ करणं हे दोन्ही तितकंच कामाचं, आणि त्यातलं दुसरं फुकटात होतं.

पायरी १: जागा ठरवा

चालू डिस्क नेहमी आडवी ठेवा. उभी ठेवल्याने डिस्क बिघडते असं अजिबात नाही, आडवी-उभी दोन्ही तिला चालतात. पण उभी डबी कलंडते. खाली रबरी मॅट किंवा जुना माउसपॅड घाला. घसरणार नाही आणि टेबलाची कंपनंही कमी पोचतील. ज्या टेबलावर मोठे स्पीकर आहेत, त्याच टेबलावर डिस्क नको.

टीव्हीला लावलेली डिस्क लोंबकळू देऊ नका. भिंतीवरच्या टीव्हीच्या मागे यूएसबीच्या भोकातून केबल खाली येते आणि डबी भिंतीला टकटक करत झुलते, हे दृश्य मी फार घरांत बघतो. तिच्या वजनाने केबल हळूहळू ढिली होते, पंख्याच्या वाऱ्याने ती हलते, झाडू मारताना तिला हात लागतो. लांब केबल घेऊन डिस्क खालच्या कपाटावर टेकवा, किंवा जुन्या चष्म्याच्या डबीएवढा खण भिंतीला दुहेरी टेपने चिकटवा.

डेस्कटॉपचा कॅबिनेट जमिनीवर असेल तर त्याला भिंतीच्या कोपऱ्यात जागा द्या. पाय लागतो तो बाहेरच्या बाजूला. आणि घरात कामाला येणाऱ्या ताईंना एकदा नीट सांगा, की दिवा लागलेला असताना ही पेटी सरकवायची नाही. दिवाळीच्या साफसफाईत चालू कॅबिनेट ओढला जातो आणि मग 'दिवाळीनंतर कॉम्प्युटर हळू झाला' म्हणून लोक येतात.

पायरी २: केबल आणि वीज

धक्क्याखालोखाल हेडला त्रास देते ती ढिली केबल. जुन्या बाह्य डिस्कची चपटी, मध्ये खाच असलेली पिन लवकर सैल पडते. डबी जराशी हलली की वीज क्षणभर तुटते, हेड झटक्याने रॅम्पवर पळतं, वीज येते, पुन्हा उतरतं. हे दिवसातून दहादा होत असेल तर केबल बदला. नवी केबल दोन-तीनशे रुपयांच्या घरात मिळते.

अडीच इंची डिस्कला सुरू होताना जास्त करंट लागतो. यूएसबी २ चं पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. म्हणून जुन्या पोर्टवर, लांब केबलवर किंवा स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर डिस्क टिक-टिक करून थांबते. डिस्क पडलेली नसेल तर अशा वेळी घाबरू नका. आखूड केबलने कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावून बघा.

डेस्कटॉप आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर यांना यूपीएस हवाच. पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा लपंडाव खेळते, आणि साधा घरगुती इन्व्हर्टर वीज बदलताना घेतो तेवढ्या वेळात कॉम्प्युटर बऱ्याचदा बंद पडून पुन्हा सुरू होतो.

पायरी ३: काढायची पद्धत

हल्ली लोक म्हणतात, इजेक्ट करायची आता गरज नाही. विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्तीपासून 'क्विक रिमूव्हल' हीच मूळ व्यवस्था झाली हे खरं आहे. लिहिणं संपलेलं असेल तर फाइल सुरक्षित राहते. पण हा विचार फक्त फाइलचा झाला. केबल खेचली त्या क्षणी तबकडी पूर्ण वेगात असते, हेड झटक्याने पळतं, आणि आपण तोवर डबी उचलून बॅगेत टाकलेली असते.

आधी इजेक्ट करा. मग डबीवर दोन बोटं ठेवा. आत मोटर फिरत असते तोवर बारीक थरथर जाणवते, ती हळूहळू मंदावते आणि शेवटी विरते. काही डब्या इजेक्टनंतरही मोटर थांबवत नाहीत. तशी असेल तर केबल काढा, पण डबी जागची हलवू नका. सावकाश पंधरा मोजा, मग उचला. एवढंच. तबकडी फिरत असताना डबी हातात वळवली की स्वतःच्या फिरण्याच्या जोराने ती वळायला विरोध करते, तुम्हाला बोटांना तो जाणवेलसुद्धा. तो सगळा ताण आत बेअरिंगवर आणि आर्मवर पडत असतो.

लॅपटॉपमध्ये अजून हार्ड डिस्क असेल तर झाकण मिटल्या मिटल्या बॅगेत सरकवू नका. स्लीपमध्ये जायला त्याला काही सेकंद लागतात आणि कधी कधी तो जातच नाही. दिवा बघा. आयबीएमने २००३ मध्ये थिंकपॅडमध्ये आणि अ‍ॅपलने २००५ मध्ये आपल्या लॅपटॉपमध्ये हालचाल ओळखून हेड बाजूला नेणारा सेन्सर घातला. टेबलाच्या उंचीवरून पडायला ०.४ सेकंद लागतात, तेवढ्यात हेड रॅम्पवर पोचतं. पण बोटभर उंचीवरून आपटलं तर सेन्सरला वेळच मिळत नाही, आणि रोजचे धक्के नेमके तेच असतात.

पायरी ४: उघडी (डबीबाहेरची) डिस्क हाताळताना

सिल्व्हर मॉलमधून किंवा जेल रोडवरून नवी डिस्क आणली, किंवा जुन्या कॉम्प्युटरमधली काढली, तर ती कडांनी धरा. खालची हिरवी पट्टी आणि वरचं झाकण दाबू नका. झाकण पातळ असतं. ओट्यावर काम करणार असाल तर आधी दुहेरी घडीची चादर पसरा.

दोन उघड्या डिस्क एकमेकींवर ठेवणं ही मला सगळ्यात घातक सवय वाटते. धातूवर धातू आपटला की थांबायचं अंतर जवळजवळ शून्य असतं, म्हणजे वरच्या हिशेबात भागाकार प्रचंड येतो. 'टक्' असा हलका आवाज येतो, आपल्याला काहीच वाटत नाही, पण आत धक्का शेकडो जीचा असतो. प्रत्येक डिस्क आपापल्या अँटिस्टॅटिक पिशवीत आणि मध्ये फोम, असंच ठेवा.

कॅबिनेटमध्ये बसवताना चारही स्क्रू लावा. दोनच लावले तर डिस्क स्वतःच्याच कंपनाने थरथरते. झाकणावर बारीक भोक आणि 'झाकू नये' अशी सूचना दिसली तर त्यावर स्टिकर लावू नका. ते आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा ठेवणारं, फिल्टर असलेलं भोक आहे. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क मात्र पूर्ण बंद असतात.

पायरी ५: प्रवास

पुण्याच्या रात्रीच्या बसने जाताना डिस्क डिक्कीतल्या सूटकेसमध्ये टाकू नका. बसच्या हादऱ्यांची मला फारशी चिंता नाही. बंद डिस्कचं हेड रॅम्पवर असतं, सेंधव्याजवळचा बिजासन घाट ती आरामात उतरते. भीती आहे ती सामान चढवणाऱ्याने सूटकेस फेकण्याची. हातातल्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, कडक डबीत ठेवा. बाजारातले पातळ झिपवाले पाउच ओरखड्यांपासून वाचवतात, धक्क्यापासून जवळजवळ नाही. आतून फोम लावलेली कडक डबी घ्या. कुरिअरने पाठवायची असेल तर चहूबाजूंनी किमान पाच सेंटिमीटर फोम हवा, आणि खोकं कानाशी धरून हलवलं तर आत काहीही सरकता कामा नये.

स्लीपर बर्थवर पडल्या पडल्या त्या डिस्कवरून सिनेमा मात्र बघू नका. विमानतळावरच्या एक्स-रेने डिस्कला काही होत नाही.

लडाखला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. हवेवर तरंगणाऱ्या हेडला हवा दाट लागते, आणि साध्या डिस्कची चालवायची मर्यादा साधारण ३००० मीटर उंचीची असते. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. तिथे फोटो उतरवायला एसएसडी न्या, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क. माझं स्पष्ट मतच असं आहे की फिरतीच्या कामाला एसएसडी घ्यावी, तिच्यात हेडच नसतं. आणि घरचा संग्रह एका जागी राहणाऱ्या हार्ड डिस्कवर ठेवावा, कारण वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिलेली एसएसडी माहिती विसरू शकते.

पावसाळ्यात एसी खोलीतून दमट हवेत आणलेली डिस्क लगेच लावू नका, तासभर तशीच राहू द्या. मे महिन्यात बंद कारमध्ये तर ती ठेवूच नका.

दुकानातला डीव्हीआर

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये साडेतीन इंची डिस्क अहोरात्र लिहीत असते, म्हणजे सगळ्यात नाजूक अवस्थेत चोवीस तास. आणि राजवाड्याच्या आसपासच्या दुकानांत डीव्हीआर कुठे असतो? शटरला लागून असलेल्या भिंतीवरच्या फळीवर. रोज रात्री शटर धाडकन खाली येतं आणि फळी हादरते. या हादऱ्याने डिस्क त्या दिवशी मरत नाही, पण हेड आपल्या मार्गावरून ढळतं, लिहिलेलं पुन्हा लिहावं लागतं, स्क्रू सैल होत जातात. डीव्हीआर आतल्या भिंतीवर न्या, फळीऐवजी ब्रॅकेट वापरा आणि खाली रबर घाला.

मोठ्या आवाजाचं नुसतं कंपनही पुरतं. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या यंत्रणेची चाचणी घेताना वायू सुटण्याचा आवाज १३० डेसिबलच्या वर गेला आणि डिस्क बिघडून बँकेच्या सेवा कित्येक तास बंद पडल्या. रंगपंचमीला राजवाड्यावरून गेर (रंगांची मिरवणूक) जाते, तेव्हा डीजेच्या गाड्यांसमोर दुकान असेल तर त्या काही तासांपुरता डीव्हीआर नीट बंद करून ठेवण्यात शहाणपण आहे. गर्दीमुळे कॅमेरा चालूच हवा असेल तर निदान त्याआधी महत्त्वाचं रेकॉर्डिंग काढून घ्या.

महिन्यातून एकदा स्मार्ट तपासा

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिलाच 'स्मार्ट' म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती दाखवतं. त्यातले मूळ आकडे सुरुवातीला षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीत दिसतात. फंक्शन, अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज या मेनूतून ते दशमानात करून घ्या, नाहीतर उगाच घाबराल.

०५, १९७ (यादीत C5) आणि १९८ (यादीत C6) या क्रमांकांच्या तीन ओळींतले आकडे शून्य असायला हवेत. शून्याचे दोन-चार झाले तर आजच सगळं दुसरीकडे उतरवा. दर आठवड्याला वाढत असतील तर पृष्ठभाग खरवडला जातोय. १९१ (BF) ही ओळ असेल तर ती बसलेल्या धक्क्यांची नोंद. १९२ (C0) म्हणजे हेडची आपत्कालीन पळापळ, आणि तो भराभर वाढत असेल तर दोष डिस्कचा नसून केबलचा किंवा तुमच्या काढण्याच्या पद्धतीचा आहे. १९३ (C1) म्हणजे हेड किती वेळा रॅम्पवर चढलं-उतरलं. याची मर्यादा बहुतेक डिस्कमध्ये ३ ते ६ लाख असते. मिनिटाला एकदा चढ-उतार होत असेल तर दिवसाला १४४०, म्हणजे ३ लाखांचा आकडा सात महिन्यांत गाठला जातो. तसं दिसलं तर वीजबचतीची सेटिंग सैल करा.

पडलीच तर

कॉम्प्युटरला लावू नका. चालू असताना पडली असेल तर केबल लगेच काढा आणि तिथेच थांबा. वाकलेलं हेड तबकडीवर रेंगाळत असेल, तर पुढच्या एका मिनिटात ते हजारो फेरे तबकडी खरवडेल.

बंद असताना कमी उंचीवरून पडली असेल आणि हलवल्यावर आत काही खुळखुळत नसेल, तर एक संधी घेता येते. आधी रिकामी दुसरी डिस्क जोडून तयार ठेवा. पंखा बंद करा, खोली शांत करा, मग लावा. मोटरचा चढता आवाज, एक हलकी टिक आणि नंतर शांतता असेल तर ठीक. जे सगळ्यात मोलाचं ते फोल्डर पहिल्यांदा उतरवा, सिनेमे नंतर. एकसारखी टिक-टिक, खरखर, किंवा मोटर न फिरता नुसतं गुणगुणणं ऐकू आलं तर क्षणात केबल काढा. फ्रीजरमध्ये ठेवणं, ठोकून बघणं, घरी झाकण उघडणं यातलं काहीही करू नका. घरच्या हवेतली धूळच उरलंसुरलं संपवते.

रिकव्हरीला देताना विचारा, की डिस्क स्वच्छ हवेच्या कक्षात उघडणार का, आणि हेड बदलल्यावर आधी पूर्ण नक्कल घेऊन मग त्या नक्कलेवरच काम करणार का. 'फक्त सर्किट बोर्ड बदलू' म्हणणाऱ्याकडून परत या. हल्लीच्या डिस्कमध्ये बोर्डवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची खास जुळणी असते, दुसरा बोर्ड तसाच लावून भागत नाही.

आणि एका कागदावर लिहून द्या: पडली तेव्हा चालू होती की बंद, किती उंचीवरून, कशावर, त्यानंतर किती वेळा लावून पाहिली, आवाज कसा आला, कोणते फोल्डर आधी हवेत. घरच्या मुलावर राग निघू नये म्हणून पुष्कळ जण 'आपोआप बंद पडली' असं सांगतात. तसं सांगितलंत तर समोरचा तंत्रज्ञ ती आधी वीज देऊन तपासेल. पडली असं सांगितलंत तर तो आधी उघडून हेड बघेल.